पाठमोरी खुर्ची

दादा, काल दुपारी नागपूरहून फोन आला. दवाखान्यातल्या त्या मॅडमचा, ज्या तुला प्रत्येक खेपेला विचारायच्या, "काका, या वेळी घास कसा जातोय?" तू गेल्यानंतर त्यांचा हा पहिलाच फोन. आधी त्यांनी वहिनींची चौकशी केली. मग म्हणाल्या, औषधाची चाचणी अजून सुरू आहे, संपायला बराच अवकाश आहे. पण ती संपेल तेव्हा तुझ्या पिशवीत नवं औषध होतं की नुसतं सलाईन, हे घरच्यांना कळवता येतं. हवं आहे की नको, तेवढं आत्ता सांगून ठेवा.

मी म्हटलं, उद्या सांगते.

तुला हसू आलं असतं. पेपरच्या डेस्कवर आयुष्यभर लोकांना "आत्ताच सांगा, पान सोडायचंय" म्हणत आलेल्या बाईनं एका साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मुदत मागितली.

तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी इथे पुन्हा सांगाव्या लागतील, कारण हे दुसरेही वाचणार आहेत. तू भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालास आणि थोड्याच दिवसांत घास अडकायला लागला. आधी भाकर, मग पोळी, मग भात. तू प्रत्येक घासाबरोबर पाणी पीत होतास. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तू लहानपणापासून सावकाशच जेवायचास. चंद्रपूरला घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली, पुढच्या तपासण्या नागपूरला. अन्ननलिकेचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी नेहमीची केमोथेरपी सांगितली आणि सोबत एक विचारणा केली. या रोगावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. केमो सगळ्यांनाच मिळेल. तिच्या जोडीला आणखी एक पिशवी लावली जाईल. काहींच्या पिशवीत नवं औषध असेल, काहींच्या पिशवीत साधं सलाईन. कोणाला काय, ते संगणक ठरवणार. ते रुग्णाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मनात येईल तेव्हा, कारण न सांगता, बाहेर पडता येईल.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हंजे तिथवर जाऊन पानी चढवून घ्याचं?"

तू म्हणालास, "पानी असन तरी ते कामाचंच पानी आहे."

पहिल्या खेपेला मी सोबत होते. त्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येक खुर्चीसमोर सलाईनचा स्टँड. सिस्टर पिशवी घेऊन आली, तसा तू उठलास आणि खुर्ची फिरवून ठेवलीस. स्टँड तुझ्या पाठीमागे गेला.

"काका, नळी ताणली जाईल," सिस्टर म्हणाली.

"मंग लांब नळी लावा."

"पण कशाला? सगळे असेच बसतात."

"मले पाह्याची सवय आहे. पाहिलं का फरक दिसते."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं. कळलं ते परतीच्या एस.टी.त. कारखान्यात नेमकं काय बनतं, तू काय करतोस, हे तू घरात कधीच बोलला नाहीस. वहिनींना एवढंच माहीत होतं की तुझं काम तपासणीचं आहे. त्या दिवशी खिडकीशी बसून तू पहिल्यांदा थोडंसं सांगितलंस. सारखे दिसणारे दोन नग समोर ठेवायचे आणि त्यातला वेगळा कोणता ते ओळखायचं, यात तुझी सगळी नोकरी गेली. लॉट तयार झाला की त्यातले काही नग काढायचे आणि ते उडवून पाहायचे. नीट उडाले, तर बाकीचा लॉट पुढे जातो.

"आणि उडवलेले?" मी विचारलं.

"ते कामी आले."

"पुढे नाही गेले म्हणजे काय कामी आले?"

"त्याईच्यामुळंच त बाकीचे गेले ना. अन् कोनते काढनार ते बनवनाऱ्याले आधी सांगत नाई. सांगितलं का तो तेवढेच चांगले बनवते. ज्याले माहीत झालं त्याचं पाह्यनं बिघडते, बेबी."

मी म्हटलं, "दादा, तू नग नाहीस."

तू खिडकीबाहेर पाहत राहिलास. मग म्हणालास, "वरोरा येऊन राह्यलं. तुले चहा पाह्यजे का?"

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो तुझ्या बाजूनं संपला, माझ्या बाजूनं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. माणसाच्या शरीरात काय जातंय, हे त्या माणसाला माहीत असायला हवं. निदान कधीतरी विचारायला तरी हवं. तुझं म्हणणं असं, की तू विचारणार नाहीस आणि तुझ्या वतीनं मीही विचारायचं नाही. तू मला तसं कबूल करायला लावलंस, आणि वर म्हणालास, "तू विचारल्याबिगर राहत नाईस, म्हनून आधीच सांगून ठेवतो."

या विचारण्याची सवय मला तूच लावलीस, हे तू सोयीनं विसरायचास. मी पेपरात लागले त्या काळात, सुट्टीत भद्रावतीला आले की तू माझी बातमी समोर ठेवायचास आणि एका शब्दावर बोट ठेवायचास. "हे पाय. 'असे समजते.' कोनाले समजते? तुले समजलं का शेजाऱ्याले?" मी चिडायचे. म्हणायचे, बातमीत असंच लिहितात. तू म्हणायचास, "आमच्याइकडं असं लिव्हलं असतं त कारखाना उडाला असता." पुढे मी डेस्कवर गेले, दुसऱ्यांच्या बातम्या तपासू लागले, तेव्हा ज्या ज्या ओळीत हा शब्द दिसला, ती ओळ मी परत पाठवली. माझ्या हाताखालची मुलं मला खाष्ट म्हणतात. ते श्रेय तुझं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता पांडूबद्दल. हे त्याचं खरं नाव नाही, आणि गाव भामरागडच्या पलीकडचं आहे एवढंच सांगते. हे लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिव्हा. फोटो नको."

तुमची ओळख झाली तेव्हा मी समोरच होते. तपासणीच्या खोलीबाहेरचा बाक. तुझ्या हातात थुंकायचा डबा, त्याच्याही हातात. लाळसुद्धा खाली उतरत नव्हती दोघांची. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि आपल्याकडे चहाला विचारतात तसं तंबाखू-सुपारीचं विचारलंस, "खर्रा?"

"सोडला."

"कधी?"

"आत जाईना तवा."

"माझं बी तसंच. आपन कुठी सोडला, त्यानंच आपल्याले सोडलं."

तो हसला, त्याला ठसका लागला, मग तुला लागला, आणि आतून सिस्टर ओरडली की बाहेर काय चाललंय. तुमची दोघांची चाचणी एकाच दिवशी सुरू झाली. खुर्च्या शेजारी लागल्या. वयानं तो तुझ्याएवढाच असेल, पण पहिल्या दिवसापासून तुला दादा म्हणाला. तू खुर्ची फिरवलीस हे पाहून त्यानंही आपली फिरवून घेतली. का, ते विचारलं नाही. सिस्टरनं दुसरी लांब नळी आणली.

त्याच्या भागातल्या दवाखान्याचा एक कार्यकर्ता पहिल्या वेळी सोबत आला होता. त्यानं सगळं गोंडीतून समजावलं होतं आणि त्याच्यासमोर पांडूनं अंगठा दिला होता. तरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुमच्या गप्पा ऐकताना माझ्या लक्षात आलं, की पांडूच्या मनात काहीतरी वेगळंच आहे. तो तुला त्याच्या गावचा डोह सांगत होता. उन्हाळ्यात सगळा गाव मिळून मासे धरतो. मग काठावर पानं मांडून सारखे ढीग करतात, घरटी एक. जो आजारी आहे, जो परगावी गेला आहे, त्याच्याही घराचा ढीग असतो, तेवढाच.

"आन् इथी म्हनते, अर्ध्याईले दवा, अर्ध्याईले पानी," पांडू म्हणाला. "असं कोन वाटते? ते बोलाचं म्हनून बोलते. आपन दोघं एका दिवशी आलो, एका जागी बसलो. तुले जे, तेच मले."

त्या दिवशी भद्रावतीच्या स्वयंपाकघरात आपण भांडलो. मी म्हटलं, या माणसाची संमती खरी नाही. त्याला चाचणी म्हणजे काय तेच कळलेलं नाही. मॅडमना सांगायला हवं, आणि यावर लिहायलाही हवं. जंगलातल्या माणसाकडून अंगठा घेतात, तेव्हा त्याला नेमकं काय कळलेलं असतं?

तू विचारलंस, "तू त्याले विचारलं का?"

"तू विचार. समजावून सांग त्याला."

"सांगतो. पन मी असेतोवर पेपरात टाकू नको."

तू सांगितलंस. मी मॅडमनाही कळवलं, त्यांनी त्या कार्यकर्त्याला फोन लावून पांडूला गोंडीतून पुन्हा सगळं समजावलं, नको असेल तर आत्ता थांबता येईल असंही सांगितलं. नियमानं जे करायचं ते झालं, याची नोंद मी करते. पांडूनं ते मराठीत बिनचूक परत म्हणून दाखवलं. काही जणांना आहे, काही जणांना नाही. कोणाला ते कोणालाच माहीत नाही. "समजलं," तो म्हणाला. मग तुझ्याकडे वळून, "पन आपलं दोघाईचं एकच."

तू मला म्हणालास, "त्याले समजलं. पटलं नाई. त्याचं मी काय करू?"

होळीच्या सुमारास तुझा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. तू म्हणालास, "बेबी, पोळी गेली."

"किती?"

"अर्धी. पयल्या पानावर घे."

मी बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. बराच वेळ आत गेले नाही. पुढे भात जायला लागला, वरण, मऊ भाकर. उन्हाळ्यात तू आंबा खाल्लास, साल चोखून, शर्टावर रस सांडत. वहिनींनी ठरवून टाकलं की औषध तुझ्याच पिशवीत आहे. आजूबाजूच्या घरी त्यांनी ते सांगितलंही. कोणी शंका काढली तर म्हणायच्या, "पानी पिऊन कोनी आंबा खाते का?" नुसत्या केमोनंही असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पांडूचं तेव्हा फारसं बरं नव्हतं. वजन उतरलं होतं, पातळ तेवढंच जायचं. पण तुझा आंबा पाहून तो खूश होता. दादाला लागू झालं, मलाही होईल, यात त्याला शंकाच नव्हती.

मग पाऊस लागला. भामरागडकडे पुलांवरून पाणी गेलं की गावं तुटतात, हे इथे कोणाला सांगायला नको. पांडूची तारीख चुकली असती, फार दिवस चुकली असती तर तो चाचणीतून बाहेर पडला असता. तू निरोप धाडलास, पाणी चढायच्या आत निघून ये, पावसाळाभर इथे राहा. वहिनी आधी कुरकुरल्या. "आपलाच एक आजारी सांभाळून राह्यली मी, आता दुसरा." तो आला तो गाठोड्यात आपला तांदूळ घेऊन. तांदळाची पातळ पेज करतात ती, त्याच्याकडे जावा म्हणतात, ती त्यानं वहिनींना शिकवली. त्या म्हणाल्या, एवढी पातळ? तो म्हणाला, "बाई, हे प्याची आहे, दाखवाची नाई." त्या पावसाळ्यात त्या घरात सगळेच जावा प्यायला लागले. मी आले की मलाही पेला मिळायचा, तू मुद्दाम मोठा भरायला लावायचास.

व्हरांड्यात तुमच्या खुर्च्या शेजारी असायच्या. फार बोलायचा नाहीत. एकदा मी विचारलं, दिवसभर काय करता दोघं? पांडू म्हणाला, "दादा पाऊस पाह्यते. मी दादाले पाह्यतो."

पावसाळा सरताना तुझा घास पुन्हा अडकायला लागला. तू लपवलंस. वहिनींना ते ताटातल्या पाण्यावरून कळलं, या वेळी त्यांचं लक्ष होतं. दीक्षाभूमीच्या गर्दीचे दिवस होते, नागपूरच्या गाड्या पांढऱ्या कपड्यांनी भरून चालल्या होत्या. आपण त्या गर्दीत उभ्यानं गेलो, पांडूही सोबत होता, स्कॅन झालं आणि डॉक्टरांनी बसवून सांगितलं. गाठ वाढली आहे, यकृतातलीही. चाचणीतलं तुझं औषध आता थांबवायचं. मग ते म्हणाले, तुमची इच्छा असेल तर तुमच्या पिशवीत काय होतं ते उघडायची विनंती करता येईल. पुढच्या उपचारात त्यानं फरक पडणार नाही, पण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तू म्हणालास, "नाई."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे.

बाहेर आल्यावर मी तुला सोडलं नाही. "तुझा लॉट संपला आता," मी म्हटलं. "तुझं पाहणं बिघडायचं राहिलेलं नाही. आता कळलं तर कोणाचं काय बिघडतं?"

"बिघडते."

"कोणाचं?"

 तू रस्त्यापलीकडच्या टपरीकडे पाहत होतास. पांडू तिथे बशीतला चहा फुंकून फुंकून पीत होता, घोट घोट. मला वाटलं, तुला चहा हवा आहे आणि तो जात नाही म्हणून तू तिकडे पाहतो आहेस. मी विषय थांबवला.

त्यानंतरचं मला मुळीच कळलं नाही. तुझी पिशवी बंद झाली होती, तरी पांडूची तारीख आली की तू निघायचास. अंगात ताकद नाही, गालफडं बसलेली, पोटात जायचं ते नळीनं. वहिनी दार अडवून उभ्या राहायच्या. "तुमाले त आता काही लावत नाई. कायले जाता?"

"सोबत."

"त्याले रस्ता माहीत आहे आता."

"मले माहीत आहे त्याले माहीत आहे म्हनून."

तू त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचास, स्टँडकडे पाठ करून, तुझ्यामागे स्टँड नसतानाही. मॅडमनी ती खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवलेली असायची. शेवटच्या वेळी तुला गाडीत चढवायला दोन माणसं लागली. त्या दिवशी मी तुला हट्टी म्हटलं. कारखाना सुटला पण कारखान्याची खोड सुटली नाही, असंही म्हटलं. तू डोळे मिटून होतास. ऐकलंस की नाही, माहीत नाही.

तू सकाळी गेलास, घरी, वहिनी उशी सारखी करत असताना. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांडू आला. कोणी कळवलं होतं की नाही, मला आठवत नाही. आलापल्लीहून गाडी बदलत बदलत आला होता, गाठोड्यात पुन्हा तांदूळ. तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती लावली होती. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा तो मागच्या ओळीत हात जोडून बसला. शब्द येत नव्हते, पण ओठ हलत होते. मग पंगत बसली. त्यानं वाढणाऱ्याला थांबवून आणखी एक ताट मागितलं.

"कोन येनार आहे?" आपल्या चुलतभावानं विचारलं.

"दादा."

चुलतभाऊ काही म्हणणार होता. वहिनी स्वतः उठल्या आणि ताट घेऊन आल्या. भात, वरण, भाजी, बुंदीचा लाडू. त्यांनी ते पांडूच्या शेजारी ठेवलं. तो आपल्या ताटातला भात वरणात कालवून सावकाश जेवला. त्याचा घास जात होता. पातळ नव्हे, भाताचा घास. मी त्याच्या गळ्याकडे पाहत होते, आणि वहिनीही. आपलं झाल्यावर त्यानं तुझं ताट पुढे ओढलं आणि त्यातलेही थोडे घास खाल्ले, तितक्याच सावकाश. लाडू फोडून अर्धा वहिनींच्या हातावर ठेवला.

पंगत उठल्यावर व्हरांड्यात त्यानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"फोटोत गाठ मोठी दिसली ना, त्या दिवशी मी दादाले म्हटलं, चाल घरी जाऊ. आपलं दोघाईचं झालं. तुले लागू नाई झालं त मले कुठून होते? मी गाठोडं बांधलं होतं."

"मग?"

"दादा म्हने, माझी पिशवी कोनती, तुझी कोनती, हे कोनाले माहीत नाई. मी बी माहीत करून नाई घेतलं, अन् घेनार बी नाई. म्हनून माझ्यावरून तू सोताले मोजू नको. मी चाललो म्हनून तू चालला असं नाई. मी म्हटलं, तू येशील त मी जाईन." पांडूनं अंगणाकडे पाहिलं. "त तो आला."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

टपरीकडे पाहत तू म्हणालास, बिघडते. मी विचारलं, कोणाचं. उत्तर समोर बशीतला चहा फुंकत होतं. तुझ्या पिशवीत सलाईन होतं असं निघालं असतं, तर पांडूनं आपल्याही पिशवीत सलाईनच धरलं असतं आणि तो गावी गेला असता. औषध होतं असं निघालं असतं, तर ते औषध माणसाला वाचवत नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तेव्हाही तो गावी गेला असता. तुझी पिशवी बंद राहिली तरच त्याची चालू राहणार होती. एवढी साधी गोष्ट. तू मला ती का सांगितली नाहीस, हे मला अजून विचारायचं आहे. मी ती छापेन असं तुला वाटलं का? की मी पांडूला बसवून पुन्हा एकदा नियम समजावत बसेन असं? की तू सांगितलीस, आणि मी त्या वेळी बोलत होते?

पांडू आता भाकर खातो. त्याची गाठ लहान झाली आहे. ते नव्या औषधानं झालं की नेहमीच्या केमोनं, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही, आणि ती कधीपर्यंत लहान राहील, हेही नाही. मी एवढंच लिहू शकते की त्याची उद्या तारीख आहे आणि तो तिला जाणार आहे.

आज सकाळी मी भद्रावतीला आले. फोनवर उत्तर द्यायचं होतं, पण ते माझं एकटीचं नव्हतं. वहिनींना ते जाणून घ्यायचं होतं, पहिल्या दिवसापासून. तुझ्या आजारपणात त्या मला कितीदा म्हणाल्या होत्या, "तुमी पेपरवाल्या, तुमाले कोनी नाई म्हननार नाई, विचारा ना." मी तुला दिलेल्या शब्दात अडकले होते. आता तू नाहीस. त्यांनी ठरवावं.

त्या चुलीशी होत्या. पातेल्यात जावा रटरटत होता.

"वहिनी, मॅडमना काय सांगू?"

त्या ढवळत राहिल्या. "मले लय वाटे, कळावं. ह्याईनं एवढं सोसलं, ते औषधासाठी का पान्यासाठी. आंबा खाल्ला तो कशानं खाल्ला." त्यांनी पळी पातेल्याच्या काठावर ठेवली. "पन आज पांडूभाऊ येऊन राह्यले. उद्या जातीन, मंग पुढच्या बारीले येतीन. माझ्या तोंडात काही राहत नाई, बेबीबाई, तुमाले माहीत आहे. मले कळलं का त्याईले कळलं."

"चाचणी संपल्यावर कळेल म्हणतात. लगेच नाही."

"तवा काय पांडूभाऊ येनार नाई का घरी?"

मी नागपूरला फोन लावला. मॅडमनी विचारलं, "मग काय लिहू? हवं की नको?"

"दोन्ही नको," मी म्हटलं. "घरच्यांनी विचारलं नाही, असं लिहा."

 मग त्यांनी उद्याचं विचारलं, पांडूकाका एकटेच येतायत का.

दादा, उद्या मी त्याच्यासोबत जाते आहे. शेजारची खुर्ची फिरवून घेईन.